कोकणचे मत कुठे गेले?

‘कोकण हा समाजवाद्यांचा बालेकिल्ला’ हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो. कॉलेज संपेपर्यंत ते जुने झाले आणि ‘कोकण हा शिवसेनेचा बालेकिल्ला’ हे वाक्य रूढ झाले. आमच्या शेजारच्या रायगडात याच काळात ‘शेकापचा बालेकिल्ला’ ढासळत होता. 2024च्या लोकसभेला तळकोकणात कमळ निवडून आले आणि रायगडात घड्याळ. आता नवे वाक्य तयार होईल, बालेकिल्ला मात्र तोच राहील. खरे तर मते म्हणजे दगडी तट नव्हेत, भरती-ओहोटीचे पाणी आहे. पण पाणीसुद्धा उगाच हलत नाही. त्याला कारण असते.

मी राजकारणाचा अभ्यासक नाही. बी.ए.ला इतिहास होता, पण तो इतिहास 1947च्या मध्यरात्री संपत असे. त्यानंतरचे जे काही कळले ते राजापूर तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात, चहाच्या दुकानात आणि मुंबईहून येणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून. कविता लिहिणाऱ्याला एक खोड असते. लोक काय बोलतात यापेक्षा कोणता शब्द कधी बोलायचे थांबले, याकडे त्याचे लक्ष असते. कोकणच्या राजकारणातून ‘खोत’ हा शब्द गेला, मग ‘कूळ’ गेला, मग ‘गिरणी’ गेला. प्रत्येक शब्दाबरोबर एकेक पक्ष गेला. त्या जाण्याचा हा थोडक्यात हिशेब.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी. खोती ही कोकणातली जुनी व्यवस्था. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत. सारा गोळा करायचा तो त्याने आणि कुळाकडून काय काय घ्यायचे तेही बरेचसे त्याच्याच मर्जीवर. या व्यवस्थेविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांत 1933 साली शेतकऱ्यांनी संप केला. शेती करायचीच नाही, असा हा संप सुमारे सहा वर्षे चालला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला बळ दिले, 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि 1938च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. सहा वर्षे शेत पडीक ठेवून कोंड्यावर दिवस काढणारी माणसे नंतर ज्याच्यामागे उभी राहतील, त्याच्यामागे सहज उभी राहत नाहीत, आणि उभी राहिली की सहज हटतही नाहीत.

शेतकरी कामगार पक्षाला कुलाबा जिल्ह्यात मिळालेली निष्ठा ही अशी आयती तयार झालेली होती. पक्ष घडवला तो केशवराव जेधे, शंकरराव मोरे या पुण्याकडच्या मंडळींनी, स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधून बाहेर पडून. त्यांतले जेधे तर 1954 साली परत काँग्रेसमध्ये गेले. महाराष्ट्राच्या इतर भागांत पक्ष ओसरत गेला, पण अलिबाग-पेण-पनवेल-उरणकडे लाल बावटा रोवलेला राहिला. कारण तिथे पक्ष नेत्यांच्या भाषणांवर उभा नव्हता, तो संपाच्या आठवणीवर उभा होता. देशावर सांगोल्यात गणपतराव देशमुख याच पक्षातून अकरा वेळा आमदार झाले, पण ती एका माणसाने आयुष्यभर जपलेली शेती होती. रायगडचे पीक वेगळे, ते गावोगावचे होते.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 1949 साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 पासून कसणाऱ्याला मालक ठरवले. ज्यासाठी लढा होता ते हळूहळू हातात येऊ लागले. इथे एखादा म्हणेल, मागणी पूर्ण झाली, आता पक्षाचे काम संपले. पण माणूस इतका कोरडा नसतो. बापाला सातबारा मिळवून देणाऱ्यांना मुलाने मत दिले. नातवाने मात्र विचारले, आता पुढे काय?

त्या ‘पुढे काय’चे उत्तर उरण-पनवेलच्या नातवाला सरकारनेच दिले. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी जमिनी जाऊ लागल्या, नंतर न्हावा-शेव्याच्या बंदरासाठी. कालचे कूळ नुकते मालक झाले होते, त्याला आता प्रकल्पग्रस्त म्हणू लागले. 1984च्या जानेवारीत जासई परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. आंदोलनाचे नेते होते दि. बा. पाटील. त्याच वर्षाच्या शेवटी लोकसभेची निवडणूक आली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट होती, महाराष्ट्रात 48 पैकी 43 जागा काँग्रेसने जिंकल्या. त्या लाटेतही कुलाब्यातून दि. बा. पाटील शेकापतर्फे निवडून आले. जुनी निष्ठा नव्या जखमेने पुन्हा जिवंत झाली होती. या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. गंमत अशी की, यशाबरोबर पुन्हा तेच घडले. जमिनीचे प्लॉट झाले, प्लॉटचे पैसे झाले, गावात ठेकेदारी आली. 1998 आणि 1999 साली शेकापचे खासदार झालेले रामशेठ ठाकूर पुढे काँग्रेसमध्ये आणि नंतर त्यांचे घराणे भाजपमध्ये गेले. 2019 साली अलिबागची विधानसभाही शेकापच्या हातून गेली, 2024 मध्येही ती परत आली नाही. कूळ, मालक, प्रकल्पग्रस्त, प्लॉटधारक असा हा तीन पिढ्यांचा प्रवास आहे. पहिल्या तिघांना पक्षाची गरज होती. चौथ्याला ओळखीची गरज होती, आणि ओळख सत्तेतल्या पक्षाकडे जास्त असते.

आता आमच्या तळकोकणाकडे येऊ. इथे समाजवादी रुजले ते वेगळ्या वाटेने. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या ऐन भरात 1957 साली राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै प्रजा समाजवादी पक्षातर्फे लोकसभेत गेले. वेंगुर्ल्यात जन्मलेला हा माणूस संसदेत ज्या तयारीने बोले, त्याच जिव्हाळ्याने गावच्या पारावर बोले. 1962 आणि 1967 साली ते पुन्हा निवडून आले. जानेवारी 1971 मध्ये बेळगावला त्यांचे निधन झाले आणि काही आठवड्यांतच निवडणूक आली. इंदिराबाईंची लाट एवढी होती की महाराष्ट्रातल्या 45 पैकी 42 जागा काँग्रेसने घेतल्या. राजापूरने मात्र प्रा. मधु दंडवते यांना निवडले. तेथून 1989 पर्यंत सलग पाच वेळा त्यांनाच निवडले.

एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, याच काळात शेजारचा रत्नागिरी मतदारसंघ सगळे रंग पाहत होता. 1957 साली तिथून जनसंघाचे प्रेमजीभाई आशर निवडून आले, नंतर काँग्रेस, 1977 ला जनता पक्ष, 1984 ला काँग्रेसचे हुसेन दलवाई. एकच जिल्हा, एकच माती, एकच पाऊस. मग राजापूरलाच ही निष्ठा कुठून आली? माझ्या मते तिचे उत्तर माणसाच्या वागण्यात आहे. आमच्या भागात तेव्हा मतदाराला देण्यासारखे काही नव्हतेच. रस्ता नाही, कारखाना नाही, साखर कारखाना तर नाहीच. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे मत ज्या सहकारी संस्थांच्या खांबांवर उभे होते, ऊस, कर्ज, दूध संघ, ते खांब कोकणात उभे राहिलेच नाहीत. त्यामुळे इथे मत द्यायचे तर माणसाच्या शब्दाला द्यायचे. आणि शब्दाच्या बाबतीत समाजवादी मंडळी, त्यांचे शिक्षक कार्यकर्ते, सेवा दलातली मुले, पक्की होती. माझी आजी निरक्षर होती. ती म्हणायची, ‘या माणसानं आपल्याला काही दिलं नाही, पण आपलं काही खाल्लंही नाही.’ एवढ्या एका वाक्यावर आमचा मोहल्ला झोपडी, नांगरधारी शेतकरी, चक्र अशा बदलत्या निशाण्या ओळखून मत देत गेला.

दंडवते 1977 साली रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमची गादी आली ती त्यांच्या काळात. कोकण रेल्वे हे नाथ पैंनी पाहिलेले आणि दंडवत्यांनी लावून धरलेले स्वप्न. 1990 साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. 1991 साली दंडवते राजापुरातून पराभूत झाले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. 26 जानेवारी 1998 पासून मुंबई ते मंगळूर सगळ्या मार्गावर गाडी धावू लागली, तेव्हा राजापूरचे खासदार शिवसेनेचे सुरेश प्रभू होते. रेल्वे आली आणि ती आणणाऱ्यांचा पक्ष गेलेला होता.

याला कृतघ्नपणा म्हणायचे का? माझे पहिले मत 1989चे. त्याच वर्षी मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले होते, म्हणून मला ते मिळाले. दोन वर्षांत आमच्याच आळीतली माझ्या वयाची मुले दुसरीकडे गेली, ती माझ्या डोळ्यांदेखत. त्यांना कृतघ्न म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या घरातली चूल ज्या मनीऑर्डरीवर पेटत होती, ती मनीऑर्डरच बंद पडली होती.

कोकणचे मत कोकणात कधीच पूर्णपणे ठरत नव्हते, हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही. घरटी एक-दोन माणसे मुंबईत. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा, त्याच्या बोलण्याला घरात वजन असे. निवडणुकीच्या आधी त्याचे पत्र येई, त्यात तब्येतीच्या चौकशीनंतर मत कुणाला द्यायचे तेही असे. हा चाकरमानी गिरणगावात लाल बावट्याच्या युनियनचा सभासद होता तोवर गावाकडे डाव्या-समाजवादी विचाराला सावली होती. शिवसेना 19 जून 1966 रोजी स्थापन झाली. 1970 साली कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या खुनानंतर परळच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले, ते शिवसेनेचे पहिले आमदार. गिरणगावातली तीच पहिली मोठी भेग. मग 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, तो विरून गेला आणि त्याच्याबरोबर युनियनही विरली.

रिकाम्या हातांनी मुंबईत राहिलेल्या माणसाला मग आधार कुणाचा? चाळीच्या कोपऱ्यावरच्या शाखेचा. शाखेत रुग्णालयात खाट मिळवून देणारा माणूस भेटे, शाळेत प्रवेश मिळवून देणारा भेटे, बँकेत नि विमान कंपनीत मराठी मुलांच्या नोकऱ्यांसाठी भांडणारी लोकाधिकार समिती होती. 1985 साली शिवसेनेने मुंबई महापालिका जिंकली आणि शाखेच्या शब्दाला आणखी किंमत आली. त्याच वर्षांत गावाकडे येणारी पत्रे बदलली. 1990च्या विधानसभेत शिवसेनेचे 52 आमदार आले, मालवणातून नारायण राणे त्यांतलेच. 1995 साली ही संख्या 73 झाली आणि युतीचे सरकार आले. म्हणजे कोकणाने समाजवाद सोडून शिवसेना धरली असे आपण म्हणतो, पण मूळ घडामोड लालबाग-परळमध्ये झाली होती, कोकणात तिचा नुसता निकाल लागला.

या बदलात आमच्या मोहल्ल्याचे काय झाले, हे सांगायला हवे. आमचीही माणसे मुंबईत होती, डोंगरीत, कुर्ल्यात. काही बोटीवर खलाशी, आणि सत्तरीच्या दशकापासून कुवेत-दुबईला. तरी गावात वाडी आणि मोहल्ला बऱ्याचदा एकाच माणसाला मत देत. दंडवत्यांच्या सभेला दोन्हीकडची माणसे एकाच घोंगडीवर बसत. रायगडात बॅरिस्टर अंतुले होते, आंबेतचे, आमच्याच भाषेत बोलणारे. त्यांच्यामागे सगळ्या जातींची माणसे होती, म्हणूनच ते इतक्यांदा निवडून येऊ शकले. 1992-93च्या मुंबईतल्या दंगलीनंतर हे बिनसले. माझा एक चुलता कुर्ल्याहून कायमचा गावी परतला. 1996च्या निवडणुकीत शेजारच्या वाडीतली मते एकगठ्ठा एकीकडे आणि आमची दुसरीकडे गेली. कुणी कुणाशी भांडले नाही. गणपतीत नेहमीप्रमाणे करंज्या आल्या, ईदला शीरखुर्मा गेला. फक्त मतदानाच्या दिवशी चहाच्या दुकानात नेहमीच्या गप्पा रंगल्या नाहीत. पक्ष बदलला तर मला त्याचे वाईट वाटत नाही. ती शांतता मला टोचली. मत गुप्त असते हे खरे, पण शेजाऱ्यापासून ते लपवावेसे वाटू लागले की गावातले काहीतरी गेलेले असते.

आणि काळाची चाल पाहा. 2022 साली शिवसेना फुटली. 17 फेब्रुवारी 2023 रोजी निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले, उद्धव ठाकरे यांच्याकडे मशाल आली. 2024च्या लोकसभेला त्याच चुलत्याने, आता पंच्याऐंशीच्या घरात असलेल्या, खुर्चीवरून केंद्रावर जाऊन मशालीचे बटण दाबले. मी कारण विचारले. म्हणाला, ‘ज्यानं दार लावलं होतं त्यानंच कडी काढली, तर आत जायला काय हरकत आहे?’ त्याचे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही. पण एका माणसाच्या आयुष्यात मत किती लांबचा फेरा करून येऊ शकते, हे मला त्या दिवशी दिसले. ती निवडणूक मात्र नारायण राणे यांनी जिंकली, भाजपतर्फे. धनुष्यबाण, पंजा, मग स्वतःचा पक्ष आणि शेवटी कमळ. 2005 साली शिवसेना सोडल्यावर मालवणच्या पोटनिवडणुकीत ते पंजावर प्रचंड मतांनी जिंकले होते, 2014 साली त्याच पंजावर कुडाळात हरले. म्हणजे मतदार केवळ माणसामागे जातो असे म्हणावे तर तेही खरे नाही, निशाणीमागे जातो म्हणावे तर तेही नाही.

निशाणी आणि नाव यांचा खेळ कधीकधी फार बारीक होतो. 2014 साली रायगडातून शिवसेनेचे अनंत गीते अवघ्या 2,110 मतांनी जिंकले. हरलेले सुनील तटकरे होते, आणि त्यांच्याच नावाचा एक अपक्ष उमेदवार 9,849 मते घेऊन गेला होता. पाच वर्षांनी तटकरे गीत्यांना हरवून खासदार झाले. अशा निकालांवरून ‘कोकणचा कौल’ वाचणाऱ्यांनी जरा जपून वाचावे.

मग या सगळ्यातून काय दिसते? एक, निष्ठा कामातून तयार होते आणि काम संपल्यावर साधारण एक पिढी टिकते. दोन, मतदाराच्या पोटाचा रस्ता बदलला की मताचा रस्ता बदलतो: शेतातून गिरणीत, गिरणीतून शाखेत, शाखेतून आखातात. आता तर 2024 पासून लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात. मुंबईहून नवऱ्याचे पत्र येण्याचा आणि त्यात मत सांगितले जाण्याचा काळ गेला. या बाईचे मत कसे ठरते, हा पुढच्या अभ्यासकांचा विषय आहे, आणि तो अभ्यास पुरुषांच्या चहाच्या दुकानात बसून होणार नाही. तिसरी गोष्ट, मतदार चंचल झाला असे सगळे म्हणतात, पण आमच्याकडे पक्ष मतदारापेक्षा वेगाने बदलले.

शेवटचे उदाहरण माझ्या तालुक्याचेच देतो. नाणारला तेलशुद्धीकरण प्रकल्प येणार म्हणून लोक विरोधात उभे राहिले. शिवसेना त्यांच्या बाजूने बोलली आणि 2019च्या निवडणुकीच्या तोंडावर तो प्रकल्प नाणारमधून रद्द झाला. 2022 साली त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी बारसूची जागा केंद्राला सुचवली आणि 2023 साली, सत्ता गेल्यावर, तेच बारसूला येऊन आंदोलकांच्या बाजूने बोलले. बारसूचा सडा म्हणजे कातळशिल्पांचा. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी दगडात कोरलेल्या आकृती जागच्या हललेल्या नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये राजापूरची विधानसभा झाली. मशालीचे तीन वेळचे आमदार राजन साळवी हरले, धनुष्यबाणाचे किरण सामंत जिंकले. फेब्रुवारी 2025 मध्ये साळवींनी धनुष्यबाण हाती घेतले. आता दोघे एकाच पक्षात आहेत.

नेत्यांनी कुठे जावे हा त्यांचा प्रश्न. पण ज्यांनी उन्हात रांगेत उभे राहून मशालीचे बटण दाबले, त्या हजारो माणसांचे मत आता कुठे आहे? ते मत जिंकलेल्याचे नाही, आणि हरलेल्याकडेही राहिले नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षे शेत पडीक ठेवले, कारण त्यांना माहीत होते की आपण ज्याच्या मागे आहोत तो सकाळी उठून खोताच्या ओसरीवर दिसणार नाही. एवढी खात्री जो पक्ष पुन्हा देईल त्याला कोकणात जागा रिकामी आहे. तोवर आमचे लोक मत देत राहतील, कुणाला दिले ते सांगणार नाहीत, आणि हिशेब मनात ठेवतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)